पुरावा म्हणून जपलेली पाटी

ती पाटी आठवली की आजही माझी मान खाली जाते.

कापसाच्या भावावरून यवतमाळ जिल्हा पेटला होता, त्या वर्षांतली गोष्ट. मी एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. रस्ता रोकोमुळे एसटी बंद होती आणि आता रेल्वे अडवणार अशी कुणकुण होती. गाडी कधी येते हेच कळलं नाही तर अडवणार कशी, असा हिशेब करून मी स्टेशन मास्तरांच्या मागे लागलो. चौकशीची खिडकी बंद करवली, वेळेचा फळा पुसायला लावला, भोंगा थांबवला. गाडी येईपर्यंत प्रवाशांना आत सोडायचं नाही म्हणून फाटकावर शिपाई ठेवला. बंदोबस्त चोख झाला म्हणून स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. स्टेशनसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या मिस्त्रीच्या पाटीवर गाडीची वेळ अजूनही रोज बिनचूक लिहिलेली असते म्हणाला. मिस्त्री साठीच्या घरातला मुसलमान गृहस्थ. खेड्यापाड्यांतून येणारे लोक वर्षानुवर्षं त्याची पाटी वाचूनच पुढची कामं ठरवत. रेल्वेतलं कोणीतरी फुटलंय, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडताच त्याला उचलला. पाटीवर खडूने 'नागपूर गाडी दोन तास लेट' असं लिहिलेलं होतं. पंचांसमोर पंचनामा केला, मजकूर शब्दशः उतरवला. वरिष्ठ येऊन पाहीपर्यंत पाटीला कोणी हात लावायचा नाही, असं हवालदाराला बजावलं.

ठाण्यात मी एकच प्रश्न विचारत होतो. आतली खबर कोण देतो? तो एकच उत्तर देत होता.

"मले कोणी नाही सांगत साहेब. मालगाडी आधी गेली का प्यासेंजर दोन घंटे मांगं रायते. आधी नाही गेली तं टायमावर येते. दुकानात बसल्या बसल्या दिसते."

इतकं साधं उत्तर मला पटेना. पोलिसाला गुंतागुंत आवडते. मी आवाज चढवला, तर तो भलतंच बोलू लागला.

"मले बसवून ठेवा, पन तेवढी पाटी पुसून येऊ द्या. कालचं लिवलं हाय तिच्यावर. लोक वाचून राह्यले असतीन."

माझ्या कानात फक्त 'पुसून' एवढाच शब्द शिरला. पुरावा नष्ट करायला बघतोय, असं मी जमादाराकडे पाहून हसत म्हणालो. त्याने चार वेळा तरी विनवलं असेल. मग गाडीची शिटी ऐकू आली आणि तो बोलायचा थांबला.

"आज मालगाडी गेलीच नवती," एवढंच म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं. गाडी अगदी वेळेवर होती. रेल्वेत कोणी फुटलेलं नव्हतं, कट नव्हता, काहीच नव्हतं.

धावत स्टेशनवर गेलो तोवर गाडी निघून गेली होती. फाटकाशी तांड्यावरचा एक बाप आणि त्याची मुलगी उभी होती. नागपूरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याच दिवशी तिची मुलाखत होती. पाटी वाचून, दोन तास आहेत म्हणून, ती दोघं दाखल्यावर सही-शिक्का घ्यायला तहसीलला गेली होती. नागपूरला जाणारी दिवसातली ती एकच गाडी. माझ्या शिपायाने त्यांना पाटी वाचताना पाहिलं होतं, पण गाडीबद्दल बोलायचं नाही हा माझाच हुकूम. मुलगी रडली नाही. दाखल्यावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून तो हातात मोकळा धरून उभी होती. मी जीप देऊ शकलो असतो. रस्ते बंद आहेत असं स्वतःला सांगितलं आणि दिली नाही.

मिस्त्रीला सोडून दिला. माफी मागितली नाही, 'जा' म्हणालो. त्याने दुकानात जाऊन आधी पाटी पुसली. मग त्या दोघांजवळ येऊन हात जोडले.

"माफ करजो बाई. माह्या हातचं खोटं वाचलं तुवा."

मी चार पावलांवर, वर्दीत उभा होतो.

गाडी अडवली गेली नाही. बंदोबस्ताबद्दल माझ्या नावावर चांगला शेरा पडला. पुढे चौकशीत माणूस पुन्हा पुन्हा एकच विनवणी करू लागला, की मी लिहिणं थांबवून आधी ती ऐकायला शिकलो. मुलीचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही, धीर झाला नाही. तो पंचनामा मात्र तोंडपाठ आहे. 'नागपूर गाडी दोन तास लेट' असं त्यात लिहिलंय, आणि खाली सही माझी आहे.