खाली बसण्याचं औषध

माझा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि उजवा त्याच्या मागे निघाला होता. दोन्हीत मोतीबिंदू. डाव्यातला इतका पिकला होता की डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर काढायला हवा, आत फुटला तर नजर परत येईल अशी खात्री देता येणार नाही. मी म्हटलं, मग काढा. त्या म्हणाल्या, आधी बीपी खाली आणा, एवढ्या बीपीवर मी डोळ्याला हात लावत नाही. वरचा आकडा एकशे नव्वद होता. एक महिन्यानंतरची तारीख दिली आणि मला दुसऱ्या डॉक्टरकडे, बीपीवाल्याकडे पाठवलं.

मी मिरजेकडची. चौथीनंतर मला शाळेतून काढून घरी बसवलं, कारण घरी चार म्हशी होत्या. घरी बसवलं म्हणायची रीत आहे, पण त्यानंतर साठ वर्षांत मी बसले कधी ते मला आठवत नाही. नवरा गेल्यावर मुलाने मला इथे भोपाळला आणलं. तो कारखान्यात आहे, सून शाळेत शिकवते. सकाळी आठला दोघं बाहेर पडतात आणि आनंद नगरच्या त्या घरात मी एकटी. मग मी पुसलेलं परत पुसायची. सून कुरकुरत नसे, पण संध्याकाळी डबे जागेवर सापडले नाहीत की तिचा चेहरा बघण्यासारखा होई. म्हणजे मला दिसला असता तर.

बीपीवाला डॉक्टर तरुण होता, मुलगा बाहेर गाडी लावत होता, आणि माझी हिंदी तेव्हा दोन वर्षांची होती. डॉक्टरने गोळी बदलली, हात दाबून बघितला, दिवसभर काय करता ते विचारलं. मी सांगितलं. यादी लांबत गेली तसा तो पेन ठेवून ऐकायला लागला. मग म्हणाला, "अम्माजी, गोली से आधा काम होगा. रोज़ आधा घंटा खाली बैठा कीजिए."

आता मला हिंदी अगदीच येत नव्हती असं नाही. सिलिंडर खाली झाला म्हणजे संपला हे मला कळत होतं. पण माणसाला खाली बसा म्हटलं तर माणूस जमिनीवरच बसणार ना. मला ते पटलंही. बीपी खाली आणायचं तर मीही खाली जावं, यात न समजण्यासारखं काय होतं? अडचण एवढीच की गुडघ्यांमुळे मी सहा वर्षांत जमिनीवर बसले नव्हते. पण औषध कडू असतंच. मुलाला म्हटलं, गोळी बदलली. बाकीचं माझं मी बघेन.

दुसऱ्या दिवशी दोघं गेल्यावर मी टेबलाचा पाय धरला आणि बसायला लागले. निम्म्यापर्यंत गुडघ्यांनी साथ दिली. पुढचा रस्ता मी धप्पकन पार केला. बसले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लक्षात आलं की मला घड्याळ दिसत नाही. पांढऱ्या गोलात काळं काहीतरी, इतकंच. अर्धा तास कधी झाला हे कळायची सोय नव्हती. अंदाजाने उठायला गेले, तर उठताही येईना. मोबाईल फ्रिजवर. भांडीवाली बाई यायला निदान दोन तास. दार नुसतं लोटलेलं होतं. चोर आला असता तर त्याला म्हटलं असतं, बाबा, आधी मला उठव.

पहिल्यांदा मी सगळ्यांवर चिडून घेतलं. डॉक्टर, मुलगा, टेबल. मग डोक्यात जाऊबाई आल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या पुरणपोळ्यांना जाड म्हटलं होतं आणि मी गप्प बसले होते. आता मी त्यांना असं काही सुनावलं की त्यांना तोंड उघडता येईना. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत जिंकले. तिसऱ्यांदा जिंकल्यावर मजा गेली. त्या बिचाऱ्या जाऊनही नऊ वर्षं झालीत. मग डोळ्याची काळजी केली. आंधळी झाले तर काय, सुनेच्या हातून जेवायचं का, गावाला परत जायचं का, कोण नेणार. तीही पुरती करून झाली.

विचार संपतात हे मला माहीत नव्हतं. शेवेच्या डब्यासारखे तळाला लागतात, शेवटी नुसता भुगा उरतो. भुगाही संपला तेव्हा मला मांडीखालची फरशी गार लागली. ती मगापासून गार होती, मी आत्ता तिथे पोचले होते. फ्रिजचा आवाज थांबला, तेव्हा तो चालू होता हे कळलं. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीची मी इतकी मन लावून वाट बघत होते की ती होताच माझ्या तोंडून "वा" निघालं. लोक गाण्याला जातात आणि मी इथे दुसऱ्याच्या डाळीला दाद देत होते. मला हसू आलं. एकटीला, फरशीवर, अडकलेली असताना. ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखलं, थांबले, आणि चौथी शिट्टी झाली.

भांडीवाली आली ती दारातच किंचाळली. ती सागरकडची, पन्नाशीची, माझ्या दुप्पट अंगाची. म्हणाली, अम्मा, गिर गईं? मी सांगितलं, पडले नाही, बसले आहे. तर उठा मग, ती म्हणाली. मी म्हटलं, ते जमत असतं तर तुझी वाट कशाला बघत बसले असते. तिने मला काखेत हात घालून ओढलं, तिची चप्पल सटकली आणि ती माझ्या शेजारी आली. दोघी फरशीवर. थोड्या वेळाने ती म्हणाली की सकाळी पाचपासून ती आत्ता पहिल्यांदा बसली आहे. पाय लांब केले तिने आणि पाच मिनिटं हललीच नाही. मग मला वासरासारखं चार पायांवर करून, अडलेला ट्रक ढकलतात तसं मागून ढकलून उभं केलं.

त्यानंतर रोजच. दोघं गेली की कामं उरकायची, अकराला बसायचं, बारा-साडेबाराला भांडीवाली येऊन ढकलणार. मुलाला आणि सुनेला सांगितलं नाही. उगाच दोघं काळजी करत बसली असती, आणि काळजी करायला मी होते.

देवळातल्या बायका म्हणतात तसं माझं मन शांत वगैरे झालं नाही. कंटाळा येई. पण कंटाळा येतो तसा जातोही, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. आधी तो यायच्या आतच मी भांडं घासायला घेत असे. टेबलाला खालून रंग दिलेला नाही, हेही कळलं. मुंगीला पोह्याचा कण ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढा उजवा डोळा लावून बघत बसलं तर तो फार नसतो. एकदा मला माझाच श्वास ऐकू आला आणि मी दचकले, घरात कोण आहे म्हणून. सत्तर वर्षं हा चालू होता, आणि माझी त्याची ओळख नव्हती. त्या दिवशीही हसले. भांडीवाली म्हणायची, तुमचं बीपी नाही, डोकं दाखवा. पण स्वतः रोज पाच मिनिटं शेजारी बसायची, आणि तेवढ्यात कुणी बोललेलं तिला चालत नसे.

तीन आठवड्यांनी बीपीवाल्याकडे गेलो. या वेळी मुलगा आत होता. डॉक्टरने पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. एकशे चाळीस. खाली बसता का म्हणून विचारलं. मी म्हटलं, रोज, फरशीवर. तो म्हणाला, फरशीवर कशाला? मी म्हटलं, मग काय खुर्चीत खाली बसू? त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने खुर्ची माझ्याजवळ सरकवली. "आई," तो म्हणाला, "खाली म्हणजे रिकामं. काही न करता बसा म्हणाले होते ते."

डॉक्टर तोपर्यंत टेबलावर डोकं ठेवून हसत होता. उठला, डोळे पुसले, म्हणाला चालू ठेवा, मला काही हरकत नाही. बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. मलाही हसू आलं होतं, पण मुलाचा आवाज ऐकून मी ते घरापर्यंत धरून आणलं.

तो आणि सून ऐकायला तयार नव्हते. गुडघे मोडतील, पडाल, घरात कुणी नसतं. सुनेने गॅलरीत खुर्ची मांडली, गादी घातली, आणि म्हणाली, आई, इथे रिकामं बसायचं. भांडीवालीलाही बजावलं. मी बसले की. बसले आणि उठले. कुंडीतलं पिवळं पान काढायला उठले, दूधवाल्याचा आवाज आला म्हणून उठले, गादी नीट करायला उठले. खुर्चीतून उठता येतं, तिथेच सगळं बिघडतं. हात रिकामे राहीनात म्हणून बिट्टन मार्केटमधून आलेला मटार घेऊन बसले, आणि तो सोलता सोलता जाऊबाईंशी परत भांडले.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले, हिरवा गाऊन घातला, टोपी घातली, आणि सिस्टरने बीपी बघितलं. एकशे ऐंशी. ती म्हणाली, आज होणार नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी. मुलगा तिच्याशी हुज्जत घालायला लागला. मी डावा डोळा उघडून समोर बघितलं. थेंबांमुळे दुधात आणखी दूध पडलं होतं. दोन महिने हा टिकला नाही तर संपलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सिस्टरला विचारलं, डॉक्टरीणबाई किती वेळ आहेत. ती म्हणाली, अकरापर्यंत.

मी मुलाचा दंड धरला आणि तिथेच, बाकड्यासमोर, फरशीवर बसले.

"आई, उठ. लोक बघतायत."

"बघू देत. ज्यांना दिसतंय ते बघतील."

सिस्टर आली, माताजी, ऊपर बैठिए म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरचं औषध आहे, अर्ध्या तासाने पट्टा घेऊन ये. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला सोडून दिलं. इथली फरशी घरच्यापेक्षा गार होती. फिनेलचा वास होता. घशात थेंबांची कडू चव उतरत होती, ती कुठपर्यंत जाते ते मी बघत राहिले. बाकड्यावर एक म्हातारे होते, मंडीदीपचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचंही बीपी वर होतं. त्यांनी वाकून विचारलं, याने खरंच उतरतं का. मी म्हटलं, माझं उतरतं. तेही बाकडं धरून उतरले. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघं हिरव्या टोप्या घालून शेजारी शेजारी बसलो.

सिस्टरने खाली बसूनच पट्टा बांधला. एकशे पन्नास. आत जाऊन विचारून आली. चला म्हणाली. मला उठवायला मुलगा आणि वॉर्डबॉय लागले.

आत मला आडवं केलं, तोंडावर कापड टाकलं, डाव्या डोळ्यापुरतं भोक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणार नाही, पण हलायचं नाही, बोलायचं नाही. दिवा आला. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मंडीदीपच्या म्हाताऱ्यांना उठवत होते. त्यांची बायको सांगत होती, कमर से पकड़ो. वॉर्डबॉय म्हणत होता, अंकल, ज़ोर लगाओ. माझा मुलगाही लागलेला असावा, कारण त्याचा "एक, दो, तीन" ऐकू आला. मग धप्प झालं, आणि परत "एक, दो, तीन".

माझ्या पोटात हसू उठलं. डोळ्यात सुरी आणि पोटात हसू. जन्मात इतकं हसू मला आलं नव्हतं. बीपी उतरवून मी इथवर पोचले आणि आता हसून डोळा घालवणार होते. दाबायला गेले की ते वाढत होतं. तेव्हा दाबायचं सोडलं. म्हटलं, तू पोटात राहा, डोळा वर राहील. आणि मी दिव्याकडे बघायला लागले. एक दिवा होता, त्याचे तीन झाले. गुलाबी झाला, त्यावरून पाणी गेलं, निळा झाला. मिरजेच्या बाजारात लुगड्यांचे ढीग उलगडतात तसे रंग एकावर एक पडत होते. हसू पोटात उकळत होतं, आणि बाहेर चौथ्यांदा "तीन" झालं.

"माताजी, पेट क्यों हिल रहा है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दर्द है?"

बोलायचं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही.

"बस, दो मिनट," त्या म्हणाल्या. मग त्यांनाही बाहेरचं ऐकू आलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या, सिस्टरला दार लावायला सांगितलं आणि परत कामाला लागल्या. शेवटी हात बाजूला घेऊन म्हणाल्या, "हो गया. अब हँस लीजिए."

मी तोंड उघडलं. काही नाही. हसू गेलेलं होतं. त्या दोघी मात्र हसायला लागल्या, आणि मी पडल्या पडल्या त्यांचं हसणं ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मुलगा आणि सून मागे उभे होते, दोघांनी रजा काढली होती. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकला आणि माझ्यासमोर हात धरला. म्हणाल्या, किती बोटं आहेत?

"तीन," मी म्हणाले. "और बीचवाली का नाखून काटो."