खाडीवरचा ब्रेक

देवळीहून कोकणात जायचं तर पश्चिमेकडे निघावं. बाबांनी गाडी आधी उलट्या दिशेला, केळझरच्या गणपतीकडे घातली. जन्मभर बस चालवलेला माणूस. नारळ फोडल्याशिवाय लांबचा प्रवास नाही, हा त्यांचा कायदा. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग त्यांना एका दमात, स्वतः चालवायचा होता. आईला एवढंच हवं होतं, की एकदा तरी त्यांनी तिच्या शेजारी उभं राहून काहीतरी बघावं. प्रवासात बाबा कायम समोर बघणार आणि आई त्यांचा डावा कान.

हा रस्ता मोठा गमतीचा. किनाऱ्याने कोकण जोडायचं ठरून कित्येक वर्षं झाली. तुकडे झाले, काही पूलही झाले. मोठ्या खाड्या मात्र राहिल्या. मुरूडच्या पुढे आगरदांड्याला रस्ता सरळ पाण्यात शिरला.

"महामार्ग म्हणते, अन् रस्ताच नाई!" बाबा भडकले.

गाडी फेरीबोटीवर चढवली. सगळे उतरून कठड्याशी गेले. बाबा आतच, पाय ब्रेकवर गच्च.

"अवो, उतरा ना. पाणी तं पाहा," आई म्हणाली.

"गाडी चालून राह्यली ना! ब्रेक सोडला तं पाण्यात जाईन."

"गाडी नाई, बोट चालून राह्यली."

मी हसून हसून वाकले. आई हसली नाही. दिघी आली, गाडी उतरली, आणि श्रीवर्धनपर्यंत ती बाबांचा कान सोडून खिडकीबाहेरच बघत राहिली. बाबांच्या ते बरोबर लक्षात आलं.

बाणकोटच्या खाडीत पुन्हा फेरीबोट आली. तिथे त्यांनी हँडब्रेक ओढला, चाकाखाली स्वतः दगड लावला, दोनदा गाडी हलवून पाहिली आणि आईशेजारी येऊन उभे राहिले. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे केले.

"एवढं पाणी! अन् मले कोणी सांगितलं नाई."

"मीच तं सांगत होती," आई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी समुद्र सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

दाभोळच्या बोटीवर बाबा सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरले. बसच्या सीटवर टाकावा तसा कठड्यावर रुमाल टाकून त्यांनी आईसाठी जागा धरली.

जयगडच्या खाडीत शेजारचा प्रवासी खुशीत सांगू लागला, आता सगळीकडे पूल होणार, बोटीची कटकट संपणार.

आईने बाबांचा हात धरला. म्हणाली, "सावकाश बांधजो म्हणा त्याइले."