थंड गाडीचा पंचनामा

ती घटना विसरलो, असं मला अजूनही म्हणता येत नाही. दापोड्याकडे जायची वेळ आली, तर मी लांबचा दुसरा रस्ता धरतो.

भर दुपारी गोदामातली शिफ्ट संपवून निघालेल्या एका पॅकिंगवाल्या बाईला दापोड्याच्या उतारावर मालाने भरलेल्या टेम्पोने चिरडलं. टेम्पोचा चालक शेलार गावचा, पन्नाशीतला. तो पळाला नाही. मृतदेहाशेजारीच बसून होता.

पोलीस ठाण्यात माझ्यासमोर त्याचं एकच पालुपद. "साहेब, पाय दाबूनच धरला होता. गाडी थांबलीच न्हाय."

मोटार वाहन निरीक्षकांनी दुसऱ्या दिवशी गाडी तपासली. अहवाल आला : ब्रेक व्यवस्थित. मी तो त्याच्यासमोर धरला. तरी त्याचं तेच. मी त्याच्या कानशिलात दिली. केस डायरीत हे नाही, म्हणून इथे लिहितो.

हयगयीने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. तो कोठडीत गेला आणि मी निर्धास्त झालो.

आठवड्याने कोन गावचा एक गॅरेजवाला ठाण्यात आला. वयस्कर, शांत माणूस. म्हणाला, "साहब, ठंडा ब्रेक तो लगेगा ही. गाडी भरून, गरम करून बघा. माझ्याकडे असे चार टेम्पो आलेत."

वरिष्ठांची परवानगी घेतली. निरीक्षक आणि पंचांसमोर, रस्ता बंद करून त्याच टेम्पोत माल भरला आणि तो उतारावर पुन्हा पुन्हा थांबवला. पहिल्या काही वेळा जागेवर थांबला. मग जळका वास सुटला आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी पुढे जात राहिली.

चाक उघडलं. ब्रेकचा लायनर म्हणजे राळेत काचेचे धागे दाबून केलेली पट्टी. चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला घासून चाक तीच थांबवते. इथली पट्टी काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि ड्रममध्ये भुकटी साठली होती.

सुट्या भागांच्या दुकानातून माग काढत आम्ही एका पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलो. आत साचे, राळेचे डबे आणि नामांकित कंपनीच्या लेबलांचे गठ्ठे. चौकशीत मालक जराही घाबरला नाही.

"धागा किती घालतोस?"

"थोडा घालतो. बाकी खडूची पूड. रंग तसाच येतो."

"मग ब्रेक लागणार कसा?"

"सुरुवातीला लागतो ना, साहेब."

चालकावरचा गुन्हा मागे घेण्यात आला. शेडवाल्याला शिक्षा झाली ती खोट्या लेबलाची. त्या टेम्पोतला लायनर त्याच्याच साच्यातला होता, हे सिद्ध झालं नाही. झिजलेल्या पट्टीवर कुणाचं नाव उरत नाही. बाईच्या मरणाला कागदोपत्री कुणीच जबाबदार नाही. या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं.

नंतर एकदा मी चालकाच्या गावी, शेलारला गेलो. त्याने गाडी चालवणं कायमचं सोडलं होतं. मी माफी मागितली.

"तुमी मारलं त्याचं काय न्हाय, साहेब. पन बाई गेली. पाय तर माझाच होता ना."

समोर आयता आरोपी बसलेला असला, की आम्ही पोलीस कारण शोधायचं थांबवतो. मला हे कळायला नोकरीची अखेर उजाडली. त्याची किंमत मात्र मी मोजली नाही. ज्याचा काही दोष नव्हता तो माणूस ती आजही मोजतो आहे.