पैठणीतले हात

शिरूरात जहागीरदारीणबाई जो काठ नेसतील, तोच काठ पुढच्या लग्नसराईत निम्मा तालुका नेसायचा. ब्लाउजच्या गळ्याचं तेच, अंबाड्याचंही तेच. पुण्याचे गवई, चित्रकार त्यांच्या दिवाणखान्यात उतरायचे. माझी आई त्यांच्या साड्यांना फॉल-पिको करायची. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

दौंडच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर बाईसाहेबांचं मोठं तैलचित्र काढत होते. चेहरा झाला आणि बाईसाहेबांना बसायचा कंटाळा आला. बांधा सारखा म्हणून त्यांची पैठणी नेसवून मला खुर्चीत बसवलं. पंधरा दिवस रोज दुपारी मी दगडासारखी बसले. कुठं बोलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. बोलायचं नव्हतंच मला. त्या भिंतीवर माझे हात लागलेले फक्त बघायचे होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चित्र उघडलं. बायकांच्या नजरा हातांवरच खिळल्या; काय हात आहेत, त्या म्हणाल्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होते. तेवढ्यात एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बोटावर ही खूण कसली हो? विळा लागल्याची खूण. मास्तरांनी इमानानं तीही काढली होती.

बाईसाहेब हसल्या. मला बोलावलं, ताट खाली ठेवायला लावलं आणि माझा हात धरून चित्राशेजारी उंच केला.

"ही बघा, पिकोवालीची पोरगी. पैठणी नेसवली म्हणून गवत कापलेलं लपतं का?"

सगळ्या हसल्या. मी दाराशी उभ्या आईकडं बघितलं. तीही हसत होती.

"व्हय की बाईसाहेब," ती म्हणाली, "लई रांगडा हात हाय तिचा."

दुसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी मास्तरांना बोलावून चित्रातल्या हातांवर पदर रंगवून घेतला. आईचं काम टिकलं. त्या हसण्याची माफी मी तिला दिली नाही. ती गेली तेव्हाही नाही.

आठ-नऊ वर्षांनी मी रांजणगावला कंपनीच्या ऑफिसात होते. बाईसाहेबांची दृष्टी गेल्याचं कळलं आणि मुद्दाम भेटायला गेले. निऱ्या अजून सुरीसारख्या सरळ. मी आधी पदवी सांगितली, मग कुणाची मुलगी ते.

"चित्र बघितलंस? लोक अजून येतात बघायला," त्या म्हणाल्या.

घाईत मारलेला वरचा रंग पोपडे धरून गळला होता. घरातल्या कुणीही त्यांना ते सांगितलेलं दिसत नव्हतं. मलाही गप्प बसता आलं असतं.

"पदर गळून पडलाय, बाईसाहेब. माझे हात दिसतायत. खुणेसकट."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. सुनेला हाक मारली, चित्र आत्ताच्या आत्ता उतरव म्हणाल्या. सुनेचा हात खिळ्यापर्यंत पोचेना, म्हणून ती स्टुलावर चढली.

स्टूल मी धरलं.