फ्लेमिंगोवरची टिकली

आमच्या वीज कंपनीला एकदा माझं मत हवं झालं. घाटकोपरला डोंगराच्या बाजूला आमची चार मजली सोसायटी आहे आणि मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे ज्याला वेळेवर नाही म्हणता आलं नाही असा माणूस. पर्यावरण आणि समाजासाठी कंपनीने आधी काय करावं आणि नंतर काय, हे ग्राहकांना विचारून ठरवायचं आहे, असं पत्र आलं. मी वेड्यासारखा हरखलो.

मला सांगायचं होतं ते एकच होतं. आमच्या गल्लीची केबल जुनी झालीय. उन्हाळ्यात एसी वाढले की ती कुठेतरी जळते, मग रस्ता खणतात, जोडतात, ती पुन्हा जळते. लाइट गेली की इतरांचे पंखे बंद होतात, आमच्याकडे आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं. तिची फुप्फुसं कामातून गेली आहेत. मशीन थांबलं की छोटा सिलिंडर लावायचा, आणि तो संपायच्या आत लाइट यावी म्हणून देव पाण्यात ठेवून बसायचं.

सभा अंधेरीच्या एका हॉटेलात होती. भिंतीवर एकेका विषयाचा मोठा तक्ता: सौरऊर्जा, हवामानबदल, जैवविविधता, असं बरंच काही, आणि कोपऱ्यात ‘अखंड पुरवठा’. प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या दिल्या. महत्त्वाचा वाटेल त्या विषयावर लावायच्या. मी सरळ कोपऱ्यात गेलो आणि तिन्ही तिथेच लावल्या.

माइकवाली मुलगी धावत आली. “काका, असं नाही ना करायचं. एका विषयावर एकच.”

“पण मला विषयच एक आहे.”

“मग प्राधान्य कसं ठरणार, काका?”

दोन टिकल्या उपटल्या. एक सौरऊर्जेला दिली. दुसरी बोटाला चिकटून राहिली. जैवविविधतेच्या तक्त्यावर एक फ्लेमिंगो होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. बिचारा म्हणून त्याला लावली. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “सर, परत एकदा लावा ना, हसत.” मी ती काढून पुन्हा लावली, हसत.

चहाच्या वेळी एका साहेबांना आईचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “तुमचं बरोबर आहे हो,” ते म्हणाले, “पण पुरवठ्याबद्दल फारसं कोणाचं म्हणणं नाहीये. तक्ताच बघा ना.” कोपऱ्यात माझी एकटी टिकली होती. बाकीच्यांच्या बिल्डिंगला जनरेटर होते. ज्याची लाइट जात नाही तो लाइटवर टिकली कशाला वाया घालवेल? त्यांचंही काही चुकलं नव्हतं. धड कोणावर भडकताही येईना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

उन्हाळ्यात केबल बदलायची कामं निघाली. आमच्या गल्लीत कोणी आलं नाही. कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, “यंदा प्राधान्य वेगळं ठरलंय, काका.” ठरवणाऱ्यांत मीही होतो, हे त्याला काय सांगू!

परवा दुपारी पुन्हा लाइट गेली. आईला सिलिंडर लावला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी कंपनीच्या अहवालातलं पान टाकलं. पानभर मी, हसत, बोट फ्लेमिंगोवर. खाली ओळ होती, ‘आमचे ग्राहकच आमची दिशा ठरवतात.’ ग्रुपवर “झकास, काका!” सुरू झालं.

आईने हात पुढे केला, म्हणून मोबाइल दाखवला.

“फोटो बरो इलो,” ती मास्कमधून आमच्या मालवणीत म्हणाली. मग दम घेऊन, “आपल्या वायरीचा सांगलंस मां?”

“सांगलंय गो आये.”

“मगे करतले.” तिने निवांत डोळे मिटले.

सिलिंडरच्या मीटरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. तिने डोळे उघडले तर दिसू नये म्हणून मी सिलिंडर माझ्याकडे वळवला.