माझ्या आवाजावरून घेतलेले स्पीकर

दुकानात मी बोलत नाही. साडीसुद्धा बोट दाखवून घेते. म्हणून लेक म्हणाली, "आई, स्पीकर घ्यायला माझ्याबरोबर चल," तेव्हा मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतंय?"

"कान आहेत ना? तेवढे आण."

लेकीने मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम सुरू केलंय. चिऱ्याच्या भिंतींवर आवाज आदळतो म्हणून माझ्या सगळ्या गोधड्या तिने खिळ्यांवर टांगल्या. थंडीत आम्ही चादरींवर भागवलं. गेल्या वर्षी तिने वाडीतल्या बायकांची गौरीची गाणी रेकॉर्ड केली. ती ऐकून ठाकठीक करायला तिच्याकडे गणपतीत वाजवायचा स्पीकरचा एक जुना मोठा बॉक्स होता. त्यात सगळंच घुमायचं, म्हणून ती रेकॉर्डिंगमधलंच घुमणं कमी करत गेली. घरात झकास वाटलं. बायकांच्या मोबाईलवर गेलं, तर पंधरा बायका डासांसारख्या गुणगुणत होत्या. आमच्याकडे गाणं सांगायला शेजारच्या वहिनी पुढे असतात. त्या म्हणाल्या, "यंदा नीट झालं नाही तर चिपळूणच्या माणसाला बोलावणार हां." लेकीचं हे पहिलंच काम. ते हातचं गेलं तर दुसरं कोण देणार होतं?

दुकानदाराने आमच्या ऐपतीतले दोन जोड काढून ठेवले. लेक त्याच्याशी बोलत होती तोवर मी एका बॉक्सवर बोटाने ठोकून कान लावला. फणस बघायची सवय.

"काय काकी, पिकलाय काय?" दुकानदार म्हणाला.

मी हात पदराखाली घेतला.

त्याने कसलं तरी दणदणीत गाणं लावलं. लेक म्हणाली, "हे नको. मला ओळखीचा आवाज पाहिजे," आणि तिने स्वतःचा मोबाईल जोडला. त्यातून मीच गायला लागले. मला गाण्यांचे शब्द पाठ आहेत म्हणून तिने खोलीत बसवून माझ्याकडून एक म्हणून घेतलं होतं. कोणाला ऐकवणार नाही, अशी गळ्याची शपथ घातली होती मी.

"बंद कर गो!"

"गप गो आई. तूच आहेस हे इथे कोणाला माहीत आहे?"

पहिला जोड मोठा, निळा दिवा लागणारा. त्यातून माझा आवाज असा भरून आला की मिक्सर दुरुस्त करून घ्यायला आलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "कोण हो या बाई? काय गळा आहे!" मी पंख्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, हेच घ्यायचे.

मग दुसरा जोड लावला. लहान, काळा, दिवा नाही की काही नाही. त्यात माझा श्वास ऐकू आला, बांगड्या ऐकू आल्या, तिसऱ्या ओळीत सूर घसरला तो तर चव्हाट्यावर आला. आणि मध्येच "हुश्श मेल्ये!" खिडकीत चढलेल्या कोंबडीला म्हटलेलं. मोठ्या जोडात ते कुठे बुडालं होतं देव जाणे.

"यात मजा नाही," दुकानदार म्हणाला. "लोक मोठेच नेतात."

"मघाचे छान होते," मिक्सरवाले म्हणाले. "यात बाईंचा घसा बसलाय."

लेक गोंधळली. "आई, तू सांग. आपल्या खोलीत गायलीस ती तू यातल्या कशात आहेस?"

माझं बोट मोठ्या जोडाकडे निघालंच होतं. पण गेल्या वर्षी त्या जुन्या बॉक्सातही आम्ही सगळ्या गोडच वाटलो होतो. मी बोट आवरलं आणि तोंड उघडलं. "हे लहान घे. यात मी चुकते ते कळतं."

"म्हणजे त्या बाई तुम्हीच?" मिक्सरवाल्यांनी विचारलं. मी बाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभी राहिले. रसवाल्याने न विचारता ग्लास पुढे केला. नको म्हणायला बोलावं लागलं असतं, म्हणून प्यायले.

श्रावणात बायका आल्या. पहिलं गाणं झाल्यावर लेकीने ते लहान स्पीकरवर लावलं. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. वहिनींनी स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि हळूच विचारलं, "या बॉक्सात काय बिघाड आहे काय गो?"

"नाही काकू."

वहिनी पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गो, परत म्हणूया."

सहा वेळा म्हटलं. सगळी गाणी तयार झाल्यावर वहिनींनी ती मोबाईलवरून पावस गावी बहिणीला पाठवली. थोड्या वेळाने तिचा फोन आला. वहिनींनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. बहीण म्हणाली, "शब्द न् शब्द कळला बघ. पण शेवटच्या गाण्यात कोण गो खोकते ती?"

खोकल्या होत्या त्या वहिनीच. त्यांनी फोन ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपण तूच कर. तेवढा खोकला काढ."