काळ्या बिअरला पाव तास द्या

भाचीचा फोन आला तेव्हा मी भट्टीसमोर उभा होतो. "मामा, रविवारी मोकळे आहात का? माझ्या बिअरचा निकाल आहे. चाखायला एक माणूस कमी पडतोय."

मी आजूबाजूला पाहिलं. नांदेडला आमच्या दुकानात फुटाणे, डाळवं, खारे दाणे, मुरमुरे मिळतात. तिथं 'बिअर' हा शब्द मोठ्यानं काढला तर गिऱ्हाईक दचकायचं. हळूच म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला भाजलेलं कळतं. इथं नेमकं तेच कुणाला कळत नाही."

एवढी तारीफ ऐकून घरी कोण बसेल? डोक्यावर टोपलं घेऊन एसटी स्टँडवर दाणे विकण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. नव्वदनंतर बाजार खुला झाला, पुडीबंद माल आला, तेव्हा पहिलं पाकीट भरायचं यंत्र आणलं आणि तरलो. पण इतक्या वर्षांत माझ्या जिभेला बोलावणं असं कधी आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी हैदराबादची, म्हणजे काचीगुड्याची गाडी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगतो: बसून जायचं तिकीट एका सिनेमापेक्षा स्वस्त पडतं, पण डबा घरचा न्या. धर्माबादपर्यंत डब्यात जागेवरून मराठीत भांडणं ऐकू येतात. बासर गेलं की तीच भांडणं तेलुगूत सुरू होतात. मुद्दे तेच, आवाज थोडा वरचा.

काचीगुड्याला माझी धाकटी बहीण सुमन राहते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. तिचं मराठी आता अर्धं हैदराबादी झालंय. पाणी देता देताच तिनं सुरू केलं, "दादा, तुम्ही तरी समजवा तिला. चांगली लॅबमधली नोकरी सोडून पोरगी दारू बनवते. बिल्डिंगमध्ये मी सांगते की धान्याच्या कारखान्यात आहे."

"खोटं कुठंय? धान्याचंच तर आहे," आतून भाची, म्हणजे मेघा, म्हणाली.

मेघा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तेलंगणात छोट्या बिअरशाळांना, म्हणजे मायक्रोब्रुअरींना, परवाने मिळू लागले तेव्हा जुबिली हिल्समधल्या एकीत ती बिअर बनवायला लागली. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचा नियम साधा: नवी बिअर आठ जणांनी चाखायची, दहापैकी गुण द्यायचे, सरासरी सहाच्या खाली गेली की पाककृती बाद. मेघाच्या काळ्या, चॉकलेटच्या चवीच्या बिअरला दोनदा नकार मिळाला होता. तिसरी खेप शेवटची. ती पडली तर तिनं मालकाची आवडती गव्हाची फिकट बिअरच बनवत बसायचं.

"मग?" मी विचारलं.

"मग जुन्या लॅबमध्ये परत. अर्ज भरून ठेवलाय मामा." एवढं बोलून ती ताटं घ्यायला उठली.

रविवारी सकाळी मेघासोबत चिक्कडपल्लीत पेसरट्टू खाल्ला. हिरव्या मुगाचा डोसा, पोटात उपमा, सोबत आल्याची चटणी. एकात माणूस गार होतो. मी दोन मागवायची चूक केली, तुम्ही करू नका. तिथून रिक्षा. मीटरचा आग्रह धरा, नाहीतर आधी ठरवा. पत्ता ऐकून रिक्षावाल्यानं आरशातून मला नीट न्याहाळलं.

"इत्ते सवेरे पब कू जारे चाचा?"

"काम है."

"हौ, सब कू वहाँ कामच रैता."

मेघा हसून हसून लोळायची बाकी राहिली.

बिअरशाळा म्हणजे काचेमागं उभ्या चकचकीत स्टीलच्या टाक्या आणि पुढं हॉटेल. मेघानं मला आधी कोठीत नेलं, पोत्यातले भाजलेले जव दाखवले. काळेभोर. मी मूठ भरून कानाशी हलवली. कच्चा दाणा जड वाजतो; नीट भाजलेला सुक्या पानासारखा. हे सुकं वाजत होतं. एक दाणा दाताखाली धरला.

"चॉकलेट कुठं टाकतेस?"

"शेवटी कोकोचे थोडे तुकडे. बाकी चॉकलेट ते हेच, मामा. भाजणीतच आहे."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

अकराला आम्ही आठ जण टेबलाभोवती बसलो. फ्रीजरमधून काचेचे मग आले, बर्फानं पांढरे पडलेले, बोट चिकटेल असे. हैदराबादच्या उन्हात तेच लाडाचं. अण्णांच्या हॉटेलात पाणी सोडून सगळं त्यातच देतात. काळी बिअर ओतली, वर तपकिरी फेस. मी पहिला घोट घेतला आणि डोक्यात घंटा वाजली. दोन दिवसांपूर्वी दाढ भरून घेतलेली! मग खाली ठेवला, दोन्ही तळव्यांत चहाच्या कपासारखा धरला आणि गप्प बसलो. जीभ बंद असली की माझे कान जास्त चालतात.

समोर सोन्याचं कडं घातलेले एक जाडजूड गृहस्थ होते. ते शेजारच्याला म्हणाले, "अरे, ये तो जोशांदा है." जोशांदा म्हणजे सर्दीवर पाजतात तो काढा.

शेजारी म्हणाला, "चॉकलेट किधर है? मेरे कू तो जला वा पापड़ आरा."

कडंवाल्यांनी गुणांच्या कार्डावर तीन लिहिले. पलीकडे चार, पाच, परत चार. काउंटरपाशी मेघा पुसलेलाच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होती. तिला आकडे दिसत नव्हते, पण भरलेले मग दिसत होते. एक-एक घोट घेऊन सगळ्यांनी बाजूला सारले होते.

पंधराएक मिनिटांत माझ्या मगावरचा बर्फ वितळला. दाढेला चुकवून, भीतभीत दुसरा घोट घेतला.

आणि थांबलो.

आधी कोऱ्या कॉफीचा कडवटपणा, मग जिभेच्या मधोमध कोको, साखर न घातलेला, जाड. मागून खरपूस शेंगदाण्याच्या सालीचा वास. गिळल्यावर घशाशी किंचित करपट, पण किंचितच. ही मघाची बिअर नव्हतीच!

मी काउंटरपाशी गेलो. "मेघा, तू ही रोज कशातून चाखतेस?"

"टाकीतून. साध्या ग्लासात."

"आणि या गोठलेल्या मगातून?"

तिचा हात थांबला. "कधीच नाही, मामा."

चूक बिअरची नव्हती, भांड्याची होती. पण भाचीची बाजू मामानं घेतली तर कोण ऐकणार? मी जागेवर परत आलो आणि तोडक्यामोडक्या हिंदीत टेबलाच्या टोकाला बसलेल्या अण्णांना माझा धंदा सांगितला. भट्टीवरचा गरम दाणा आम्ही कधी पारखत नाही. गरम असताना करपलेलाही गोड लागतो. परातीत निवला की मग एक दाताखाली घ्यायचा. गरमीत खोट लपते, तसा या गारठ्यात गुण लपलाय.

अण्णा म्हणाले, "ठंडी नै पीना तो क्या, गरम करके पीना? चाय है क्या चाचा?"

सगळे हसले. मीही हसलो. हसणाऱ्याला कुणी उठवत नाही, हे मी बाजारात शिकलो. म्हटलं, "गरम नको. नुसती राहू द्या. तोवर मिरची भजी माझ्याकडून. आवडली नाही तर कार्डं आहेतच तुमची."

भज्यांना नाही म्हणणारा माणूस हैदराबादेत अजून जन्मायचाय. अण्णांनी मान हलवली. शिवाय कुणाला नवी बिअर ओतावी लागली नाही. नावडली म्हणून सगळ्यांचे मग भरलेलेच होते, तेच कामाला आले.

पाव तास भजी, क्रिकेट, जमिनीचे भाव. मग मी म्हटलं, "आता घ्या."

कडंवाल्यांनी घोट घेतला. दुसरा घेतला. मगात डोकावून पाहिलं. "मेघा, ये वोइच है?"

"वोइच है, अंकल."

"तू बदली नै ना?"

"आपके सामनेच तो था मग."

त्यांनी तीनवर काट मारून आठ लिहिले, आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मैं पैलेच बोला था, कुछ तो है इसमें." पापडवाल्यांना आता पापडात चॉकलेट सापडलं. टेबलावर पेनांची खरखर सुरू झाली. असा गोड आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

बेरीज अण्णांनी स्वतः केली. सरासरी साडेसातच्या वर! ते उठले, खडू घेतला, भिंतीवरच्या पाटीवर गव्हाच्या बिअरच्याही वर काळीचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "इसकू फ्रीजर का मग नक्को. सादा ग्लास." मेघानं दोन्ही हात तोंडावर धरले, आणि पुढच्याच क्षणी माझं कार्ड ओढून घेतलं.

"आठच? सख्ख्या मामानं आठ?"

"घशाशी जरा करपतं. काळे दाणे मूठभर कमी कर."

"कंजूस!" म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली. मेघाच्या हातातले मिठाईचे डबे पाहून तिनं विचारलं, काय खुशखबर? मी श्वास रोखला. फोनवर निकाल ऐकून खाली उतरलेली सुमन म्हणाली, "बिअर बनवली पोरीनं. सगळ्यांच्या वर नाव लागलं." आणि डबा उघडून पुढं केला.

तुम्ही गेलात तर एवढं लक्षात ठेवा: ग्लास तीन-साडेतीनशेच्या घरात जातो, म्हणून घाई करू नका. साधा ग्लास मागा, समोर ठेवा, गप्पा मारा. पाव तासानं उचला. सोबत झणझणीत काही घ्या. गोड नको, त्यानं कोको मरतो. आणि परतताना रिक्षाच करा.

सोमवारी घरी पोचलो. निघताना मेघानं त्या काळ्या जवाची पुडी माझ्या खिशात घातली होती. बायकोनं सगळी हकिगत ऐकली आणि म्हणाली, "लोकांच्या पोरींना शाबासकी देत फिरा. मला काय आणलंत?"

मी तिच्या तळहातावर पाच-सहा दाणे ठेवले. तिनं एक चावला आणि तोंड वाकडं केलं. "हे करपलंय की हो."

"थुंकू नकोस. चावत राहा."

चावत राहिली. मी घड्याळ नाही पाहिलं, तिच्या कपाळावरची आठी पाहत होतो. ती हळूहळू सुटली. मग तिनं हात पुन्हा पुढं केला.